म्हशीचा पायगुण

हिंगोली,
जानेवारी १९४३

प्रिय लिंबाजी,

तू पत्र लिहीत नाहीस, तरी तुझी खबर मिळते. आपल्या शेजारचा तातेराव त्याच्या आईचे डोळे दाखवायला हट्ट्याहून दवाखान्यात आला होता. वसमतच्या कुस्त्यांच्या फडातही तू हरलास, हे त्याच्याकडून कळलं. पहिली झटापट तुझीच होती म्हणे. मग हलगी तापली आणि तुझे हात गळाले. "आपला लिंबा हरला न्हाई अक्का, इझला," असं त्याचं म्हणणं. त्याच दमात त्यानं सांगितलं की तुझ्या बायकोच्या पायगुणानं तुझं बळ गेलं, म्हणून आबांनी सुभद्रेला कुरुंद्याला माहेरी घालवलं. मला राग आला नाही. उकळत्या पाण्यातून कात्र्या काढायच्या होत्या, त्या मी काढल्या.

तुझं काम तालमीत, माझं दवाखान्यात. दोघांचाही संबंध शरीराशीच आहे, म्हणून शरीराबद्दलच लिहिते. हैदराबादेत परिचारिकेचं शिक्षण घेताना आम्हाला हे शिकवलं होतं आणि ते तुझ्या उपयोगाचं आहे.

अंगमेहनतीला जळण लागतं. ज्वारी, गहू, गूळ यांची पोटात साखर होते आणि तिचा काही भाग स्नायूंमध्ये साठून राहतो. झटापटीत सगळ्यांत आधी तोच पेटतो, तुराट्या पेटतात तसा. भडका मोठा, पण साठा थोडा. रोजच्या जेवणातून तो भरावा लागतो. तूप म्हणजे बाभळीचा ओंडका. तो सावकाश जळतो, पुष्कळ वेळ जळतो, पण त्याला हवाही जास्त लागते. दिवसभर औतामागं चालणाऱ्या माणसाला तो पुरतो. छातीवर दुसरा गडी बसलेला असताना तेवढी हवा कुठून आणणार? दूध, बदाम, मटण यांतल्या प्रथिनांनी अंग बांधलं जातं, झिजलेलं भरून निघतं. त्यांचंही जळण होतं, पण ती घराची तुळई चुलीत घालण्यातली गत आहे.

आता आठव. लग्नाआधी तू किती भाकरी खायचास. वर ठेचा आणि गुळाचा खडा. आई म्हणायची, "ह्याला तव्यासगट वाढा, म्हंजी उठायची तकलीफ न्हाई." त्या वर्षी औंढ्याच्या जत्रेत तू फेटा जिंकलास. ऊन उतरेपर्यंत कुस्ती चालली होती आणि शेवटी समोरचा थकला होता, तू नव्हतास.

मग तुझं लग्न झालं. सुभद्रेच्या वडिलांनी जावई पैलवान म्हणून लग्नात म्हैस दिली. म्हैस दारात आल्यावर दगडोबा वस्तादांनी तुझा खुराक बदलला. "भाकर खाईल त्यो बैल, दूध पिईल त्यो वाघ," असं ते ओसरीवर बसून म्हणाले, तेव्हा मी सुट्टीवर घरीच होते. भाकरी बंद झाली, गूळही. दूध, तूप, बदाम आणि आठवड्याच्या बाजारचं मटण सुरू झालं. तुझी छाती रुंदावली, दंड भरले. सगळा गाव बघायला यायचा. आणि त्याच हंगामापासून तू कुस्तीच्या उत्तरार्धात हरायला लागलास. तुराट्या संपल्या होत्या आणि ओंडक्याला हवा पुरत नव्हती.

तेव्हा आबांचा हिशेब एका अर्थी बरोबर आहे. ती घरात आली आणि तुझं बळ गेलं. पण तिच्याबरोबर म्हैसही आली होती. तिला कुणी परत पाठवलं नाही.

त्या म्हशीची धार सुभद्राच काढायची. तूप तीच कढवायची, बदाम तीच वाटायची. पोरगी पहाटेपासून तुझ्या खुराकात राबून राहिली, असं आईच सांगायची. स्वतः मात्र ती ताकाबरोबर शिळी भाकरी खायची. तिचा दम कधी गेला नाही.

माझा नवरा लग्नानंतर पहिल्याच पावसाळ्यात वारला. त्याला विषमज्वर होता. सासरी माझ्या पायगुणाचं बोलणं निघालं तेव्हा आबा बैठकीत होते. ते काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही, कारण त्या वेळी मला विषमज्वर म्हणजे काय हे माहीत नव्हतं. आता मला माहीत आहे. म्हणून हे लिहिते आहे, बाकी काही मनात नाही.

गेल्या आठवड्यात सुभद्रा वडिलांबरोबर माझ्याकडे आली. तुला लिहिलं तेच मी तिलाही सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजी म्या कढवलेल्या तुपानंच झालं की." मी म्हटलं, तुपानं नाही, भाकरी सुटल्यानं. त्यावर ती म्हणाली, "बराबर हाय. पर आता त्या घरी जायचं न्हाई, अक्का." सुईणीच्या वर्गासाठी मी तिला हैदराबादला पाठवते आहे. तिच्या वडिलांनी होकार दिला आहे. तेव्हा हे पत्र तिला परत नेण्यासाठी आहे असं समजू नकोस.

आबांनी तुझ्यासाठी साखरा गावची मुलगी पाहिली आहे आणि लग्न वैशाखात आहे, हेही तातेरावानं सांगितलं. त्याआधी शिवरात्रीला औंढ्याचा फड आहे. आजपासून भाकरी खा. वस्तादांना माझं नाव सांगितलंस तरी चालेल. दम परत येईल, आणि तो शिवरात्रीलाच दिसला पाहिजे. नवी मुलगी घरात आल्यावर तू जिंकलास तर ते तिच्या पायगुणानं झालं म्हणतील आणि सुभद्रेवरचा आळ कायमचा खरा ठरेल. म्हणून ही एक कुस्ती तुला तुझ्या घरी कुणीच बायको नसताना मारायची आहे.

तुझीच अक्का,
चंद्रभागा