ब्राइटवेलचं पुढचं दार

सेंट अँड्र्यू, बार्बाडोस

प्रिय कार्लाइलदादा,

लंडनच्या थंडीत तुझे गुडघे तुझं ऐकत असतील अशी आशा आहे. आईची तब्येत इतकी ठणठणीत आहे की काळजी आम्हाला आमचीच वाटते.

शनिवारी आमच्या चर्चच्या बायकांची सहल ब्राइटवेलला गेली. (हो, तीच उसाच्या मळ्यातली हवेली, जिथे आईनं वीस वर्षं मागच्या दारानं आत जाऊन भांडी घासली. आता तिथे तिकीट लावतात.) आईनं नवी टोपी घेतली होती आणि या खेपेला आपण पुढच्या दारानं आत जाणार, असं तिनं बसमध्ये जाहीर केलं. त्या आनंदात बायकांनी दुपारसाठी भाजून आणलेला चीजचा मॅकरोनी पाय आणि तळलेले मासे सकाळी नऊलाच संपवले.

तिथे पोचलो तर तिकीटखिडकी जुन्या स्वयंपाकघरात, आणि आत जायची वाट मागच्या दारानं. पुढचं दार बंद. खिडकीवरची मुलगी गोड बोलून मागची वाट दाखवायला लागली. आई म्हणाली, "पोरी, ते दार मला दाखवू नकोस. त्याचा उंबरा झिजलाय ना, तो मीच झिजवलाय." आणि पुढच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. मग आमच्या एक्केचाळीस बायकाही बसल्या, गाणी म्हणू लागल्या. (दोन जर्मन पाहुणेही येऊन बसले. त्यांना वाटलं, हा कार्यक्रम तिकिटातच आहे.) सोबत आलेल्या पास्टरनी आईची समजूत घातली, "सिस्टर यूनिस, देवाच्या घरी पुढचं दार, मागचं दार असं काही नसतं." आई म्हणाली, "म्हणूनच तिकडे जायची मला घाई नाही."

मी आधी हसत होते. मग टोपी सरळ करून बंद दाराकडे बघत बसलेली आई पाहिली आणि मला रडू आलं. दोन तासांनी आम्ही हवेली न बघताच परतलो.

तुझी बहीण,
मर्ल

ता. क. पुढचं दार फक्त लग्नाच्या वऱ्हाडासाठी उघडतात, असं ती मुलगी निघताना बोलून गेली. आईनं तिथल्या तिथे बारा जुलै नोंदवली. नवरदेव म्हणून तुझं नाव दिलंय. (वय विचारत नाहीत, त्यामुळे चोपन्न लिहावं लागलं नाही.) नवरीचा रकाना रिकामा आहे. महिनाअखेरपर्यंत नाव कळव.

पुन्हा ता. क. नवरी मिळाली नाही तरी आईचं अडत नाही. तू फक्त ये आणि तिचा हात धरून पायऱ्या चढ. एकदा आत पोचलो की लग्न मोडलं म्हणून सांगू, म्हणते.