एकशे चौऱ्याऐंशी सीडींच्या नऊ फाइली झाल्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
लोकस्वर ध्वनिसंग्रहालय,
परळ, मुंबई.

विषय : अर्जदाराच्या १८४ सीडींच्या रूपांतरातून फक्त नऊ फाइली उरल्याबाबत, आणि मूळ सीडी येत्या शुक्रवारी भंगारात जाऊ न देण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचे 'काम पूर्ण' प्रमाणपत्र, दि. ६ ऑक्टोबर २०२५. २) अर्जदाराचे दि. ९, १६ व २९ ऑक्टोबरचे तीन अर्ज, ज्यांना लेखी उत्तर आलेले नाही.

महोदय,

१. अर्जदार हर्षवर्धन कोंडीराम मर्चंडे, वय ६३, राहणार घोडपदेव. एका दैनिकाच्या संपादन विभागात त्यांनी एकतीस वर्षे काम केले. ज्या बातमीत आकडा चुकला ती बातमी परत पाठवायची, ही सवय त्यांना तिथे लागली. या अर्जातील प्रत्येक आकडा अर्जदाराने स्वतः मोजला आहे. आपल्या प्रमाणपत्रातील आकडा कोणी मोजला, हे तीन अर्ज करूनही कळलेले नाही.

२. अर्जदाराचे वडील कोंडीराम गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर होते. पाळी सुटली की खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून ते घोडपदेव, नायगाव, डिलाईल रोडच्या चाळींतल्या गायनाच्या कार्यक्रमांना जात. १९७६ ते १९९५ अशी एकोणीस वर्षे त्यांनी भीमगीते आणि बुद्धगीते टेप केली. गाणारे गिरणीतले, गोदीतले, सफाई खात्यातले. त्यांची गाणी कुठे छापली गेली नाहीत. शेवटच्या कडव्यात कवी आपले नाव गुंफतो. ते गाणे त्याचे होते, याला त्या एका ओळीखेरीज जगात दुसरा पुरावा नाही.

३. २००४ साली कॅसेटना बुरशी धरू लागली. तेव्हा वडिलांनी लालबागच्या हितेंद्रभाईंच्या दुकानातून त्यांच्या सीडी करून घेतल्या. कॅसेटची एक बाजू म्हणजे एक सीडी, पंचेचाळीस मिनिटांची. गाणे कुठे सुरू होते नि कुठे संपते हे ऐकत बसायला हितेंद्रभाईंना सवड नव्हती. ते म्हणाले, "कोंडीरामभाऊ, एकेक गाणं शोधत बसलो तर माझी पुढची दिवाळी पण इथंच. पाच-पाच मिनिटांचे तुकडे मारतो. सीडी सलग लावा, कळणार पण नाय." ते खरेच होते. प्रत्येक सीडीवर पाच मिनिटांचा एक असे बरोबर नऊ भाग पडले, आणि सलग ऐकताना कुठेही खंड जाणवत नसे. बुरशीच्या कॅसेट पुढे टाकून दिल्या. म्हणजे या सीडी म्हणजेच मूळ, हे आपल्या कार्यालयाला पहिल्या दिवशीच लेखी कळवले होते.

४. यातली क्रमांक ६१ ची सीडी अर्जदाराच्या आईची आहे. बकुळा कोंडीराम मर्चंडे. १९८६ च्या वैशाख पौर्णिमेला चाळीच्या पटांगणात तिने स्वतः रचलेले गाणे गायले. आमच्या चाळीत बाईने गाणे रचले तरी शेवटच्या ओळीत नाव नवऱ्याचे किंवा भावाचे घालायची रीत होती. आईने स्वतःचे घातले. टेपवर ऐकू येते : बायकांतून कोणीतरी ओरडते, "अगो बकुळे, घोवाचं नाव विसरलंस काय?" पटांगण हसते. हसणे थांबेपर्यंत आई थांबते, आणि तीच ओळ पुन्हा, पहिल्यापेक्षा मोठ्याने म्हणते. १९८९ साली ती वारली. तिचा आवाज दुसऱ्या कुठल्याही टेपवर नाही.

५. दुसऱ्यांदा म्हटलेल्या त्या ओळीत सहावा भाग संपून सातवा सुरू होतो, तो नेमका तिच्या नावाच्या मध्ये. २०११ साली अर्जदाराने मोबाइलसाठी या सीडीची एमपी३ केली. एमपी३ जागा वाचवण्यासाठी आवाजातला काही भाग गाळते आणि दोन भागांच्या मध्ये क्षणभर शांतता घुसवते. तेव्हापासून चौदा वर्षे अर्जदाराची आई 'बकु' म्हणते, गप्प होते, आणि मग 'ळा' म्हणते. जे नाव भर पटांगणात हसू अंगावर घेऊन तिने पुरे केले, ते मुलाने तोडले. लॉसलेस, म्हणजे सीडीवरचा एक कणही न गाळता आणि भागांत फट न पाडता केलेल्या फाइलींचा आग्रह अर्जदाराने धरला तो हौसेपोटी नव्हे.

६. आपल्या संग्रहालयाने फेब्रुवारीत जाहीर आवाहन केले, म्हणून अर्जदाराने सर्व सीडी आपल्याकडे दिल्या. फाइली लॉसलेस असाव्यात, सलग वाजाव्यात आणि मूळ सीडी परत मिळाव्यात, या तीन अटी अर्जदाराने फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहिल्या. त्याखाली आपल्या कार्यालयाचा शिक्का आणि सही आहे. आता सांगण्यात येते की फॉर्मवर छापलेले तेवढे ग्राह्य, हाताने लिहिलेले नाही. मग शिक्का कशावर मारला?

७. प्रमाणपत्र म्हणते : १८४ सीडी, १६५६ फाइली, काम शंभर टक्के पूर्ण. अर्जदार आणि त्यांची बहीण प्रिती यांनी आपण दिलेली हार्ड डिस्क घरी उघडली. तीत नऊ फाइली निघाल्या. त्यांची नावे 'जर्मन संभाषण, धडा १' पासून 'धडा ९' पर्यंत. प्रितीला वाटले, दुसऱ्याच कोणाची डिस्क आली. तसे असते तर बरे झाले असते.

८. हे कसे घडले ते अर्जदाराने आपल्या कंत्राटदाराचे तंत्रज्ञ अनिश यांच्याकडून समजून घेतले. यंत्र सीडीवरच्या भागांची संख्या आणि लांबी मोजते, इंटरनेटवरच्या एका सूचीत ते माप शोधते, आणि जे जुळेल ते नाव फाइलींना देते. हितेंद्रभाईंच्या सगळ्या सीडींचे माप एकच. त्या मापाची एक सीडी सूचीत होती, जर्मन शिकवणारी. यंत्राने १८४ सीडी जर्मन ठरवल्या. दुसऱ्या सीडीच्या फाइलींना पहिलीचीच नावे मिळाली, म्हणून पहिलीच्या पुसल्या गेल्या. तिसरीने दुसरीच्या पुसल्या. असे एकशे त्र्याऐंशी वेळा झाले. पुसण्याआधी यंत्र विचारते, हेही अनिश यांनी सांगितले. त्यांचे शब्द असे : "सर, मशीन विचारतं ना, आधीची पुसू का? पण आपण सुरुवातीलाच 'सगळ्यांना हो' करून ठेवतो. नाहीतर दर वेळी क्लिक कोण करत बसणार?" या प्रकरणात अर्जदाराला मिळालेले हे एकमेव खरे उत्तर आहे.

९. शेवटची सीडी पुसायला कोणी उरले नाही, म्हणून ती तेवढी वाचली. क्रमांक १८४. वडिलांनी नवा टेपरेकॉर्डर आणला तेव्हा तो तपासण्यासाठी भरलेली बाजू. वडील दहापर्यंत आकडे मोजतात, "चालू हाय का रं?" असे विचारतात, आणि बटण बंद करायला विसरतात. पुढची चव्वेचाळीस मिनिटे खोलीतला पंखा फिरतो. आपल्या संग्रहालयाने शंभराहून अधिक गायकांना पुसून एक पंखा जतन केला आहे. तो मात्र लॉसलेस आहे. अर्जदाराने तपासले.

१०. ९ ऑक्टोबरला अर्जदार आपल्या खिडकीवर गेले. तिथे बसणाऱ्या सलोनीताईंनी एक फाइल वाजवून पाहिली. "काका, आवाज येतोय ना? मग फाइल चालू आहे. चालू फाइलची तक्रार घेता येत नाही." तक्रारीच्या फॉर्मवर दोनच चौकटी आहेत, 'फाइल उघडत नाही' आणि 'आवाज येत नाही'. आवाज दुसऱ्याचा येतो, अशी चौकट नाही. १६ ऑक्टोबरला सांगण्यात आले की आपल्या सूचीत हा संग्रह 'परदेशी भाषा' या विभागात नोंदला असल्याने अर्ज तिकडे द्यावा. त्या विभागाने अर्जदाराकडे जर्मन भाषेशी असलेल्या संबंधाचा पुरावा मागितला. अर्जदार भायखळ्याच्या शाळेत मराठी माध्यमात शिकले. तो दाखला त्यांनी जोडला. तो अपुरा ठरला.

११. २९ ऑक्टोबरला अर्जदार प्रितीला सोबत घेऊन गेले. क्रमांक ६१ ची एमपी३ मोबाइलमध्ये आहे हे कळताच सलोनीताईंचा चेहरा उजळला. "मग झालं तर, काका! तीच द्या, आम्ही लॉसलेस करून देतो. रेकॉर्डला लॉसलेसच दिसेल." महोदय, जे गाळून गेले ते फाइलीचा प्रकार बदलून परत येत नाही. तुटलेले नाव मोठ्या डब्यात ठेवल्याने जुळत नाही. आपल्या कार्यालयाच्या हेतूबद्दल अर्जदाराला तोवर शंका नव्हती. त्या वाक्यानंतर आहे, कारण तिथे आवाज वाचवण्याची नव्हे, रकाना भरण्याची घाई दिसली. प्रिती तेवढेच म्हणाली, "ताई, आमची आई जर्मन नव्हती हो." तिला पुढची रांग अडवू नका असे सांगण्यात आले.

१२. ७ नोव्हेंबरला आपल्या कार्यालयाकडून अर्जदाराच्या घरी सहा खोकी आली. त्यांत सीडींची १८४ कव्हरे होती. सगळी रिकामी. सोबत छापील पत्र : 'आपल्या अमूल्य सहकार्याबद्दल आभार.' प्रत्येक कव्हरावर वडिलांच्या हातचे गायकाचे नाव, चाळ आणि तारीख आहे. आत काही नाही. १० नोव्हेंबरला आपल्या फलकावर सूचना लागली की रूपांतर झालेले साहित्य शुक्रवार, १४ नोव्हेंबर रोजी सकाळी अकरा वाजता भंगारात उचलले जाईल. अर्जदार त्याच दिवशी आपल्या कार्यालयाच्या जिन्याखाली, जिथे हे साहित्य ठेवले आहे, जाऊन पाहून आले. चार गोण्या आहेत. एकीचे तोंड नीट बांधलेले नाही. वरच्याच सीडीवर निळ्या शाईत वडिलांचा आकडा दिसला. अर्जदाराने हात घातला तेव्हा शिपायाने अडवले, "साहेब, हे सरकारजमा हाय." ते सरकारजमा नाही. आपले संग्रहालय सरकारीही नाही.

१३. अर्जदाराला चौकशी समिती नको. कंत्राटदारावर कारवाई आपण करावी वा न करावी. माफीही नको, कारण तिचेही आपण शंभर टक्के पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र द्याल. मागणी एकच आहे. त्या चार गोण्या उचलू नयेत, अर्जदाराच्या ताब्यात द्याव्यात. सीडी चरे पडलेल्या असतील तर तशाच द्याव्यात. फुटल्या असतील तर तुकडे द्यावेत. 'परदेशी भाषा' विभागात पंख्याची नोंद ठेवायची असेल तर खुशाल ठेवावी, त्याखाली मर्चंडे हे नाव मात्र नसावे.

१४. शुक्रवारी सकाळी नऊ वाजता अर्जदार आणि प्रिती आपल्या फाटकाशी ती सहा खोकी घेऊन उभे राहतील. गोण्या मिळाल्या तर प्रत्येक सीडी पुसून आपापल्या कव्हरात घालतील, आणि न मिळाल्या तर भंगाराची गाडी फाटकातून बाहेर कशी पडते ते पाहतील. पुढचे रूपांतर अर्जदार घरच्या संगणकावर स्वतः करणार आहेत. एका वेळी एक सीडी, आणि फाइलीला नाव गाणाऱ्याने शेवटच्या ओळीत घातलेले. यंत्राने विचारले, 'आधीची पुसू का?', तर एकशे त्र्याऐंशी वेळा 'नाही' म्हणायला अर्जदाराकडे वेळ आहे.

आपला, शुक्रवार सकाळपर्यंत नम्र,

(सही)
हर्षवर्धन कोंडीराम मर्चंडे
घोडपदेव, मुंबई
दि. १२ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) 'काम पूर्ण' प्रमाणपत्राची प्रत.
२) हाताने लिहिलेल्या अटी आणि त्याखालचा आपला शिक्का असलेल्या फॉर्मची प्रत.
३) हार्ड डिस्क, नऊ फाइलींसह. आपलीच आहे, परत घ्यावी.
४) भायखळ्याच्या शाळेच्या दाखल्याची प्रत, पुन्हा एकदा.
५) क्रमांक ६१ चे मूळ कव्हर. त्यावर वडिलांच्या अक्षरात 'बकुळा, स्वतःचे गाणे' असे लिहिले आहे. कव्हर रिकामे आहे. भरून परत मिळावे.