अर्ध्या वाक्यापुढची रेघ

३ जून, मंगळवार

पहिल्याच दिवशी तोंडावर पडले. थेरपिस्ट बाईंनी विचारलं, "कशासाठी आलात?" नवऱ्याने घसा खाकरला. "बरेच दिवस सांगायचंय. मला—"

"वेगळं राहायचंय त्याला," मी म्हणाले.

बाईंनी चष्म्यावरून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हा मिठाची गुळणी धरून बसला. बसण्याचंही नाटकच. आधी माझ्या उजवीकडे बसला, मग उठून डावीकडच्या खुर्चीत गेला. दाराजवळची! पळून जायला सोयीची.

हा बसडेपोत मेकॅनिक. बंद पडलेल्या गाडीला कान लावून बिघाड सांगतो, म्हणून डेपोत सगळे 'डॉक्टर' म्हणतात. महिन्यापूर्वी धुण्याला टाकलेल्या शर्टाच्या खिशात या 'डॉक्टरां'चा कागद सापडला. वरची ओळ तेवढी वाचली – 'बदली मिळणेबाबत अर्ज'. घडी होती तशी परत ठेवली. एकोणीस वर्षांच्या संसारातून माणूस बदली मागतो.

अर्जाचं बाईंना सांगितलेलं नाही. त्यालाही नाही. आधी त्याने सांगावं.

१० जून, मंगळवार

बाई म्हणतात, मनात येईल ते बोला. जुळवाजुळव करू नका. आताच्या भांडणाची मुळं पुष्कळदा फार जुनी असतात, ती आपोआप वर येतात. म्हटलं, मी बावीस वर्षं कोर्टात स्टेनो आहे. लोक बोलतात, मी लिहिते. बोलायची सवयच नाही मला.

हा हसला. आज महिन्याने हसला, तो यावर!

बाईंचं लक्ष माझ्या मांडीवरच्या वहीकडे गेलं. हात आपोआप चालतो माझा, बोललं जाईल ते कान टिपतात आणि हात उतरवतो. "असू द्या," म्हणाल्या. "पण घरी वाचून बघा कधीतरी."

१२ जून

स्वयंपाकघरातून तीन हाका मारल्या. ओ नाही. भिंतीने तरी दिली असती.

१७ जून, मंगळवार

आज बाईंकडून आल्यावर वही उघडली. तिन्ही मंगळवार सलग वाचले.

कोर्टात आमचा एकच नियम. साक्षीदार मध्येच थांबला, तर वाक्य अर्धंच लिहायचं आणि पुढे रेघ ओढायची. तो काय म्हणणार हे शेंबड्या पोराला कळत असलं तरी आपण भरायचं नाही. त्या रेघेवर एखाद्याची सुटका असते. बावीस वर्षांत मी कुणाचं एक वाक्य पुरं केलेलं नाही.

आणि या वहीत? नवऱ्याची अकरा वाक्यं 'मला'वर किंवा 'मी'वर थांबलीत. एकापुढेही रेघ नाही. लगेच माझं बोलणं सुरू. 'वेगळं' हा शब्द नऊदा आलाय. नऊही वेळा माझ्या तोंडी. त्याच्या तोंडी एकदाही नाही!

चूक झाली असेल म्हणून पुन्हा मोजलं. नऊच.

मग एवढे दिवस हा काय सांगत होता?

२४ जून, मंगळवार

वाचून दाखवलं. हा जमिनीकडे बघत होता. बाईंनी विचारलं, "हे थांबतात तेव्हा तुम्हाला काय होतं?"

"भीती वाटते."

"कधीपासूनची?"

यावर माझं उत्तर तयार असतं. बाबा मी सात वर्षांची असताना एका सकाळी काही न बोलता घर सोडून गेले. चाळीस वर्षं सगळ्यांना हेच सांगत आलेय. आजही तेच सांगायला तोंड उघडलं, आणि निघालं भलतंच.

आदल्या संध्याकाळी बाबा माझ्या पुस्तकांना कव्हरं घालत होते. म्हणाले, "इकडे बघ. उद्यापासून बाबा—" आणि मी पाढा म्हणायला लागले. सातचा. मोठमोठ्याने. संपला की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी ते कात्री ठेवून उठले.

म्हणजे ते सांगत होते. मीच सांगू दिलं नाही.

बाईंच्या समोर ढसाढसा रडले. बाई म्हणाल्या, "सात वर्षांच्या मुलीकडे दुसरं काय होतं अडवायला?" नवऱ्याने पाण्याचा ग्लास माझ्या हातात दिला आणि हात काढला नाही.

२५ जून

आईला फोन केला. म्हणाली, "हो, तुझ्या खोलीतून बाहेर आले आणि म्हणाले, पोरगी ऐकूनच घेत नाही." एवढी वर्षं का बोलली नाहीस, विचारलं. "तू कुठे बोलू देतेस," म्हणाली.



१ जुलै, मंगळवार

आज वही पर्समध्येच ठेवली. हा म्हणाला, "मला—"

जीभ दाताखाली धरली. मनात सातचा पाढा सुरू झाला, तो छप्पन्न-त्रेसष्ट करत दोनदा संपला. घड्याळ वाजत होतं. याने दोनदा तोंड उघडलं, मिटलं. बाई बसून होत्या. वेळ संपली, तर म्हणाल्या, "आज पहिल्यांदा वाक्य कुणी संपवलं नाही. राहू द्या तसंच."

भीती होतीच. पण मेले नाही.

२ जुलै, बुधवार

सकाळी चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. दीड वर्ष झालं. इंजिन कळत नाही आता. डेपोतल्याच स्टोअरमध्ये बदलीचा अर्ज लिहिलाय, द्यायचा धीर होत नाही."

दीड वर्ष मी त्याच्या डाव्या बाजूला झोपतेय. दिवा मालवला की रोज विचारायचे, सोडून जाणार नाहीस ना? त्याने एकदाही उत्तर दिलं नव्हतं.