जुन्या डिस्कची घरघर

आई,

तू येईपर्यंत मी निघालेली असेन. कॉम्प्युटरला नवी डिस्क बसवायला त्याचा अख्खा पडदा सोडवावा लागला. परत चिकटवलाय, पण कडेची कागदी पट्टी उद्यापर्यंत काढू नकोस. आता तो पटकन सुरू होतो आणि अजिबात आवाज करत नाही. बंद पडला समजून कोणाला बोलावू नकोस.

बाबा गेल्यापासून तू तो कधी बंदच करत नाहीस, म्हणून मी विजेच्या नावाने तुझं डोकं खात होते. काल दुपारी मी तो बंद करून उघडला होता, तर तू त्या खोलीत नुसती कूस बदलत राहिलीस आणि शेवटी उशी काखेत मारून बाहेर आलीस, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाबा तिथे काम करत बसायचे आणि मागे पलंगावर तुला झोप लागायची, ती कॉम्प्युटरच्या या घरघरीवर.

म्हणून जुनी डिस्क एका डबीत बसवून तुझ्या उशाशी ठेवली आहे. तिच्यातलं सगळं नव्या डिस्कवर घेतलंय, ती आता नुसती फिरते. काळं बटण दाब, की झालं.

चालते का बघायला मी मघाशी जरा टेकले, तर डोळाच लागला. झोपेत कोणीतरी खुर्ची सरकवून उठलं आणि माझ्या अंगावर चादर घातली. जाग आली तेव्हा माझी बस चुकली होती आणि चादर पायाशी घडी घातलेलीच होती.

तुझ्याही अंगावर घालतात का, ते फोनवर सांग.