मी पाहिलेली गळती

सर, तुम्ही गेलात त्याला आता बरीच वर्षं झाली. पालिकेच्या आरोग्य विभागात तुम्ही जिथे प्रमुख म्हणून सही करायचात, तिथे गेल्या महिन्यापासून मी करते. अभिनंदनाला आलेल्या जुन्या माणसांनी तुमची आठवण काढली, आणि मी हातातला पेढा परत खोक्यात ठेवला.

मी दवाखान्यात नवीन डॉक्टर होते, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला सगळ्यांसमोर झापलंत. "एकाच गल्लीतले सात जण काविळीचे, आणि तुम्ही इथे बसून गोळ्या लिहिताय? उठा." मग आपण दोघं कंपन्यांच्या मागच्या त्या वस्तीत चालत गेलो. पत्र्याच्या खोलीच्या दारात एक लातूरकडची बाई बसलीय, पॅकिंगच्या कामाला जाणारी, सात महिन्यांची गरोदर, डोळे पिवळेजर्द. "पहिले दोन हंडे ओतून देतो मॅडम, लई वास येतो," ती सांगते. तुम्ही तिथेच उकिडवे बसता आणि गटारातून गेलेला नळाचा पाइप मला दाखवता. जोड फुटलेला आहे. "नीट बघून ठेवा, डॉक्टर. उद्या कोणीतरी विचारणार." चौथ्या दिवशी ती बाई गेली. बाळही वाचलं नाही.

तुम्ही अहवालात सरळ लिहिलंत की पिण्याच्या पाण्यात मैला मिसळतोय, पुरवठा बंद करून टँकर द्या. बैठकीत पाणी खात्याचे इंजिनीअर म्हणाले, लाइन नवीन आहे, डॉक्टर उगाच घबराट पसरवतायत. अध्यक्षस्थानी बसलेले मोठे साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, गळती तुम्ही स्वतः पाहिलीत?" तुम्ही मान वर करून माझ्याकडे पाहिलंही नाहीत, एवढी तुम्हाला माझी खात्री होती. मी म्हणाले, "नक्की नाही सांगता येणार, साहेब."

महिन्याभरात तुमच्याकडून विभाग काढून घेतला आणि तुम्हाला जन्म-मृत्यू नोंदणीच्या खोलीत बसवलं. पाइप मात्र गुपचूप बदलला. नंतर जिन्यात भेटलात की तुम्ही एवढंच विचारायचात, "दवाखाना कसा चाललाय?" त्याचा मला अजून राग येतो. एकदा तरी तोंडावर बोलायला हवं होतंत. तुमच्या त्या सभ्यपणाने मला माफी मागायलाही जागा ठेवली नाही. रोग कुठून येतो ते शोधायला तुम्ही शिकवलंत. या खात्यात वर कसं जायचं ते मी त्या एका वाक्यात शिकले. निवृत्तीआधीच तुम्ही गेलात, आणि शोकसभेत तुमच्या निर्भीडपणावर भाषणही मीच केलं. लोकांना आवडलं.

वहिनी अजून निगडीतच, तुमच्या त्याच घरी राहतात. हे पत्र त्यांच्या हातात द्यावं असं मनात आलं होतं, पण देणार नाही. नवी नोकरी होती, मुलगी लहान होती, म्हणून मी घाबरले, असं घरी सांगत आलेय. घाबरले नव्हते, सर. बैठकीच्या आदल्या दिवशी मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं होतं, पुढे काय व्हायचंय तुम्हाला. आणि मी सांगितलं होतं.