सात भात, एक घोडा

३ जानेवारी १९३७
पुण्याच्या एका संशोधक मंडळाची जाहिरात. भोर-वेल्ह्याकडच्या भाताच्या जुन्या जाती नोंदवायला दीडशेपर्यंत ग्रँट. एकालाच. शिवाय ग्रंथात नाव. अर्जासोबत बियाण्याचे नमुने. मुदत महिनाअखेर. हायस्कुलात वीस वर्षे शास्त्र मीच शिकवतो. आणखी कोण असणार?

४ जानेवारी
ड्रॉइंगचे गंगाधरपंत अर्ज करणार. ड्रॉइंगचे! शिक्षकांच्या खोलीत सर्वांनी त्यांना शुभेच्छा दिल्या. मीही दिल्या, सर्वांत मोठ्याने. मत्सर माझ्या स्वभावात नाही.

७ जानेवारी
बजेटला बसलो. घोडा, घोडेवाला, तंबू, स्वयंपाकी, सोला हॅट. एकशे एकोणपन्नास. वह्या राहिल्या, त्या एका रुपयात बसवल्या. प्रत्येक खर्चापुढे कारण द्यायचे आहे. घोड्यापुढे लिहिले : 'संशोधक पायी गेल्यास लोक त्याला कारकून समजतात.' कुंदा म्हणाली, "अहो, आणि घोड्यावर बसल्यावर काय समजतील?" बायकोला बजेट कळत नाही.

११ जानेवारी
गंगाधरपंतांचे बजेट पाहिले. टेबलावर उघडेच होते, पुस्तकाखाली. अडतीस रुपये! वह्या, पिशव्या, आणि बी देणाऱ्या बायांना खण. संशोधनात खण! खूप हसलो. जेवण मात्र गेले नाही.
माझ्या अर्जात शेवटी घातले : 'हे काम भोरात बसून चित्रे काढणाऱ्याचे नव्हे. ज्याची पावले त्या खोऱ्यात नेहमी उमटतात, त्यालाच द्यावे.' बसला टोला. पंत दर शनिवारी शाळा सुटली की पिशवी घेऊन सासुरवाडीला पळतात, हे सर्वांना ठाऊक आहे. मीच सांगितले आहे.

१४ जानेवारी
संक्रांत. पंतांना तिळगुळाची एक वडी दिली. त्यांनी दोन दिल्या. दिखाऊपणा.

१७ जानेवारी
गुंजवणे. भाड्याचा घोडा मार्गासनीला बसला तो उठेना. पुढे पायी. रखमाजी नावाच्या शेतकऱ्याच्या घरी बी मागितले. त्यांच्या सगुणाबाई म्हणाल्या, "असं कुनालाबी न्हाई देत आमी. तुमी कोन?" गंगाधरपंतांचा स्नेही, असे सांगावे लागले. शास्त्रासाठी. लगेच घोंगडी अंथरली. "मास्तरांचं व्हय! लई गुनाचा मानूस. दर आइतवारी हितं असत्यात, चालत येत्यात. आज तेवढं वरल्या वाडीला गेल्यात. तुमी त्यांचं कारकून का?"
सात जातींच्या सात पुड्या मिळाल्या.

१९ जानेवारी
शेवटचे वाक्य बदलावे का? पण सुवाच्य प्रत तयार आहे, आणि वाक्य सुंदर आहे. शिवाय दर आठवड्याला जाणे ही सवय. एकदाच जाणे हा अभ्यास.

२५ जानेवारी
नमुने तुसासकट धाडणे शोभेना. कुंदाकडून सातही कांडून, पाखडून घेतले. मोत्यासारखे दिसतात. पंत आपले दाणे तसेच धाडणार, अंगावरच्या कपड्यांनिशी. आळशी माणूस. अर्ज टपालात टाकला. हॅटचे माप देऊन आलो.

१७ फेब्रुवारी
मंडळाचे पत्र. कांडलेला दाणा उगवत नाही, सबब नमुने परत. ग्रँट गंगाधरपंतांना. कारण म्हणून माझेच वाक्य उतरवले आहे, अक्षरशः. मंडळाला ते फार पटले.
पंत पेढे घेऊन आले. डोळ्यांत पाणी. म्हणाले, "माझ्यासाठी एवढं लिहिलंत!" कर्तव्यच होते, असे मी म्हणालो. मंडळाने त्यांना लेखनिकासाठी आपणहून सहा रुपये वाढवून दिलेत. माझे अक्षर चांगले आहे म्हणतात.
कुंदाने सातही नमुने एकत्र शिजवले. दोनदा घेतला भात.
शनिवारी शाळा सुटली की निघायचे. सहा रुपयांत घोडा बसत नाही.