चित्रातल्या चंद्रावरून काढलेली तारीख

सोमवार, ११ ऑगस्ट २०२५

नाही म्हणते! साताऱ्याच्या गुरुजींनी लग्नाचे तीन मुहूर्त काढून पाठवले आणि शमिका तिन्हींना थांब म्हणते. का, तर एक व्हिडिओ गेम यायचाय.

"लग्नाच्याच आठवड्यात आला तर, आई? मतलब, मेंदीच्या हातांनी खेळू?"

सव्वीस वर्षांची घोडी, ऑफिसात दहा जणांना कामं वाटून देते. बरं, गेम नवा तरी असावा. आमची जयपूरला बदली झाली तेव्हा नववीत होती, तेव्हा खेळून झालाय — कंदील घेऊन किल्ल्यात फिरणाऱ्या मुलीचा. तोच आता कंपनी चकचकीत करून परत विकणार. जुन्या पातेल्याला कल्हई करायची आणि पैसे नव्या पातेल्याचे घ्यायचे. आणि कधी विकणार ते सांगायचं नाही.

हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "जावयाला काही नको, मुलीलाच तारीख हवी. स्वस्तात सुटलीस."

श्रावणी सोमवार, उपास. म्हणून भांडण उद्यावर टाकलं.

गुरुवार, १४ ऑगस्ट

पुण्याहून गौरांगच्या आईचा, कीर्तीताईंचा फोन. "आमच्या गौरांगला कुठलीही तारीख चालेल हो, सुमनताई. तुमचं काय ठरतंय?" त्यांना गेमचं कुठल्या तोंडाने सांगू? म्हटलं, गुरुजी एक ग्रह तपासताहेत.

इकडे जयपुरात मानसरोवर भागातल्या मॅरेज गार्डनचे देवेंद्र भैया — "आंटीजी, सावे में एक दिन खाली नहीं बचता. महीने के आख़िर तक रोक लूँगा, फिर मत कहना." सावे म्हणजे इथली लग्नसराई. २५ नोव्हेंबर धरून ठेवलाय त्यांनी आपल्यासाठी. पुढचे दोन मुहूर्त आधीच गेले.

रविवार, १७ ऑगस्ट

कंपनीने एक चित्र टाकलंय. किल्ला, कंदील, वर चंद्राची कोर. बाकी अक्षर नाही. तर ह्या गेमवेड्यांचा फोनवर जो ग्रुप आहे तिथे नुसता शिमगा चाललाय. एकजण किल्ल्याचे दगड मोजतोय. दुसरा म्हणतो कंदिलाला बारा काचा, म्हणजे डिसेंबर. भोपाळचा कोणी मुलगा सांगतोय, कंपनीच्या साहेबांनी परवा निळा शर्ट घातला होता, मागच्या वेळी निळा घातला तेव्हा महिन्याने गेम आला.

मी म्हटलं, "आणि मांजर आडवं गेलं म्हणून मी दोन मिनिटं थांबले की हसतेस?"

"आई, हे ॲनालिसिस आहे."

बरं बाई.

मंगळवार, १९ ऑगस्ट

काल केलेला उद्योग लिहू की नको? लिहिते. इथे कोण वाचतंय.

शमिका फोन घेऊन बसली होती. म्हटलं, दाखव तो चंद्र. चष्मा पुसला, बराच वेळ बघितला, आणि सांगून टाकलं — "हा फाल्गुनातला."

"कशावरून?"

"रंगावरून. असा पिवळा फाल्गुनातच असतो. कार्तिकात पांढरा पडतो."

चित्रातल्या चंद्रावरून महिना सांगणारा अजून जन्मायचाय. पण फाल्गुन म्हणजे मार्च, म्हणजे नोव्हेंबर मोकळा. शब्द तोंडातून गेला. तिने तो तिथल्या तिथे ग्रुपवर टाकला. हे पेपराआड हसत होते, पेपर हलत होता.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

माझा चंद्र पोर्तुगीज भाषेत गेला म्हणे. ब्राझीलमधल्या कोण्या मुलीने त्यावर व्हिडिओ केलाय. मला मून-आंटी म्हणतात. भोपाळवाला निळा शर्ट सोडून माझ्या बाजूला आला, आणि वर विचारतो, आंटीजींना माझ्या नोकरीचंही विचार ना. हे म्हणाले, दक्षिणा लाव, घरखर्च निघेल. मी मॅट्रिक झालेली बाई, पण आज भाजीवाल्याशी घासाघीस करायचं विसरले. इतकी हवेत होते.

संधी साधून म्हटलं, "मग २५ नोव्हेंबर धरायचा ना?"

शमिका म्हणाली, "थिअरी आहे, आई. कन्फर्म थोडीच आहे?" आणि कॅनडातल्या कुठल्याशा दुकानात डिसेंबरचं पोस्टर लागल्याचं दाखवायला लागली. कॅनडातलं दुकान दिसतं, समोरचं गार झालेलं ताट दिसत नाही.

बुधवार, २७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

एकवीस मोदक, एक फुटला. देवाची क्षमा मागितली. आज चंद्राचं दर्शनसुद्धा घ्यायचं नसतं, आणि माझा तर जगभर फिरतोय.

शनिवार, ३० ऑगस्ट

कंपनीने तारीख सांगितली. १२ मार्च!

पंचांग उघडलं. फाल्गुन. देवघरासमोर खालीच बसले. मी थाप मारली होती रे बाबा.

ग्रुपवर दिवाळी. मून-आंटी की जय. ह्यांनी वाकून नमस्कार केला — "माझ्या पेन्शनचंही बघा, महाराज." कीर्तीताईंना फोन लावला, म्हटलं ग्रह सुटला. त्या हसल्या, म्हणाल्या, पेढे आणू का विचारत गौरांग दारातच उभा आहे. गोड मुलगा.

शमिकाला म्हटलं, "झालीस ना खूश?" म्हणाली, "हो ना." मग कधी नव्हे ती, न सांगता, तांदूळ निवडायला बसली. फोन वाजत होता तरी उचलला नाही. म्हटलं, चला, सुधारली.

उद्या गौरी यायच्या. त्याआधीच गार्डनवर जाऊन २५ पक्की करायची. शमिकाच नेणार आहे स्कूटरवर.

रविवार, ३१ ऑगस्ट

स्कूटर दाराशी काढली, चालूच केली नाही. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, आता लग्नाला थांब म्हणायला मी काय कारण सांगू?"

पायरीवर बसलो दोघी. ऊन वर येईपर्यंत.

मग देवेंद्र भैयांना मीच फोन केला. म्हटलं, पच्चीस तारीख किसी और को दे दीजिए.